मोर्सचा स्वाध्याय समजावून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या इतरांनाही वाचता यावं, म्हणून तुमचे आभार असे जाहीरपणे मानते आहे.

स्वाध्याय तसा छोटाच. इंग्रजी शब्दांची यादी, प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा मोर्स कोड (म्हणजे तारेसाठीच्या टिंब-रेघांच्या खुणा), सगळे कोड सलग जोडायचे आणि वेगवेगळी रूपं किती निघाली ते मोजायचं. दहा ओळींत तुम्ही तो लिहून दिला असतात. पण तुम्ही कागद पुढे केलात आणि 'टी' (टी, ई, ए) व 'नेट' (एन, ई, टी) टिंब-रेघांत लिहायला सांगितलेत. दोन्हींचं रूप आलं -..- आणि एकट्या एक्स या अक्षराचा कोडही तोच!

असं का होतं, हे सांगताना तुम्ही थेट तारयंत्रापर्यंत गेलात, ते मला फार आवडलं. रेघ तीन टिंबांइतकी लांब. दोन अक्षरांमध्ये तेवढाच विराम, दोन शब्दांमध्ये सात टिंबांइतका. इंग्रजीत ई सतत लागतो, म्हणून त्याला एकच टिंब. क्यूला मात्र चार खुणा. कोडची लांबी अशी कमी-जास्त असल्यामुळे अक्षर कुठे संपलं ते विरामच सांगतो. सलग जोडताना नेमका तोच गळतो, म्हणून उत्तर शब्दांच्या संख्येपेक्षा कमी येऊ शकतं.

एवढं कळल्यावर सेट, म्हणजे एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संग्रह, आपसूकच पटला. साध्या यादीत 'हे आधी आलंय का' असं शोधत बसलं, तर 100 शब्दांना 4950 तुलना लागू शकतात. सेटमध्ये तेच रूप कितीदाही टाका, राहतं एकदाच. छोट्या लिपीतल्या अक्षराच्या संगणकातल्या क्रमांकातून (a चा 97) 97 वजा केले की मोर्सच्या तक्त्यातली त्याची जागा मिळते, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

आणि तुमचा तो उलटा प्रश्न: -..- किती प्रकारे वाचता येईल? चार खुणांमध्ये तीन फटी, प्रत्येक फटीत तोडायचं किंवा नाही, म्हणून 8. आठही लिहून पाहिले. प्रत्येक तुकडा कुठलं ना कुठलं अक्षर निघतो. पाच खुणांचं अक्षरच नसल्यामुळे पुढे हा हिशेब तसाच चालत नाही. सध्या त्याचाच प्रोग्रॅम लिहिते आहे, झाला की दाखवायला आणेन.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक विद्यार्थिनी