जागं राहायला शिकवलंत, आता झोपायलाही शिकवा

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

पहाटेचे पावणेचार वाजलेत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शरीराला अजून ते पटलेलं नाही. मोर्चावर या सुमारास 'स्टँड-टू' असायचं, उजाडायच्या आत प्रत्येक जण हत्यारासह सज्ज. आता समोर नुसती खिडकी आहे, तरी डोळे त्याच वेळी टक्क उघडतात.

मला उठवायचं झालं तर पत्नी दारातून हाक मारते. हात लावून उठवण्याची चूक तिने पहिल्याच वर्षी एकदा केली. त्या प्रसंगाबद्दल आम्ही बोलत नाही.

निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीत कान, डोळे, गुडघे, रक्तदाब सगळं पाहिलं. झोप कशी लागते, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "उत्तम" म्हणालो असतो, हेही कबूल करतो. झोप येत नाही म्हणणारा जवान कच्चा, अशी आमच्यात समजूत. म्हणून हा प्रश्न तोंडी नको. फॉर्मवर छापा, सगळ्यांना विचारा : आठवड्यातून किमान 3 रात्री, 3 महिने किंवा जास्त काळ झोपेची तक्रार आहे का? जुनाट निद्रानाश डॉक्टर साधारण याच मापाने ओळखतात. घोरण्याचंही विचारा, पण ते घरच्यांना. स्वप्नाने दचकतो असं वाटणारा माणूस कधीकधी श्वास अडकल्यामुळे जागा होत असतो. स्लीप ॲप्निया तो. तो न तपासता झोपेची गोळी देणं धोक्याचं.

मला मात्र गोळीच मिळाली, पाच मिनिटांत. काही आठवडे चालली, मग पुरेनाशी झाली. मग दारू. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा उत्तरार्ध ती खाऊन टाकते.

शेवटी एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी सीबीटी-आय शिकवलं. निद्रानाशावरची ही वर्तनोपचार पद्धत. झोपेची वही ठेवायची. उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेलेली असो. वीसेक मिनिटं तळमळलो की अंथरूण सोडायचं, पेंग आली की परतायचं. (आत्ताही नियमानेच उठून खुर्चीत बसलोय.) प्रत्यक्षात झोपत होतो साडेपाच तास, म्हणून अंथरुणातही तेवढाच वेळ. पहिले दोन आठवडे मी बाईंना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. एकच स्वप्न वर्षानुवर्षं पडायचं. त्याचा शेवट बदलून तो दिवसा, जागेपणी, रोज घोकायला लावला. सहाव्या आठवड्यात सलग पाच तास झोपलो. ते स्वप्न अजून येतं, पण महिन्याकाठी एखाद्या वेळी.

हा काही माझ्या एकट्याचा शोध नाही. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये केली. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने आपल्या थेरपिस्टना यात तयार केलं, 'सीबीटी-आय कोच' हे मोफत ॲपही काढलं. मला मात्र त्या बाई योगायोगाने भेटल्या, निवृत्तीनंतर सातव्या वर्षी.

माजी सैनिकांच्या प्रत्येक रुग्णालयात हे शिकलेला एक तरी माणूस नेमा. लांब राहणाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर शिकवता येतं. रात्रभर पहारा द्यायला आम्हाला तयार करताना आपल्या खात्याने महिनेच्या महिने खर्च केले. झोपेसाठी मी सहा ते आठ बैठका मागतोय.

आपला,
एक माजी सैनिक