'सारखा' दिसला की उपमा?

महोदय,

माझी नात नववीत आहे. परवा तिची मराठीची वही चाळली. शिकवणीत अलंकार ओळखायला लिहून दिलं होतं : 'सम, सारखा, परी आलं की उपमा, जणू, गमे, वाटे आलं की उत्प्रेक्षा.' मी तिला सहज एक वाक्य दिलं, 'पाऊस सकाळपासून सारखा पडतोय.' तिने 'सारखा'खाली रेघ ओढली आणि लिहिलं, उपमा.

शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी तीस वर्षं मुद्रितं तपासली, पण एवढी जिव्हारी लागलेली चूक आठवत नाही. पोरीचा दोष नाही. तिला खूण शोधायला शिकवलं, वाक्य वाचायला कुणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिला महात्मा फुले मंडईत नेलं. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "घ्या आजोबा, लोण्यासारखी भेंडी आहे." तिथेच नातीला थांबवलं. भेंडी हे उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती; लोणी उपमान, म्हणजे ज्याच्याशी करायची ते; 'सारखी' हा तुलना दाखवणारा साधर्म्यवाचक शब्द. मग साधारण धर्म, म्हणजे दोन्हींतला समान गुण, कुठाय? तिने एक भेंडी उचलली, टोक मोडून पाहिलं. कट्कन मोडलं. "कोवळेपणा! पण मावशी ते बोलल्याच नाहीत." ही लुप्तोपमा, एखादा भाग न बोललेली उपमा, मी म्हटलं. मग 'भेंडी जणू लोणीच' म्हटलं की भेंडी लोणीच असल्याची कल्पना करणारी उत्प्रेक्षा, 'लोण्याहून कोवळी' म्हटलं की उपमेयाला उपमानाहून वरचढ ठरवणारा व्यतिरेक, 'ही भेंडी नव्हेच, लोणी आहे' म्हटलं की उपमेयच नाकारणारी अपन्हुती. लक्ष्मी रस्ता ओलांडेपर्यंत एवढं झालं. वाटेत तिनेच विचारलं, "मग 'ताई आईएवढी उंच आहे' ही उपमा आहे का?" नाही; ते नुसतं माप झालं, त्यात कल्पनेची चमत्कृती नाही.

मुळशी-मावळातल्या आणि महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या संशोधक हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. तो संग्रह आज एक लाखाच्या वर आहे. त्यातल्या कितीतरी जणी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, आणि लेकीला, भावाला, पावसाला कशाकशाची उपमा देऊन गेल्या! पुण्याच्या मुलांना हे शिकवणीच्या तक्त्यातून कसं कळावं?

काल नातीने वहीत स्वतःची ओळ लिहिली : 'आजोबांचा चष्मा पाय दुमडून टेबलावर बसलाय.' निर्जीव वस्तूला सजीवासारखं वागवणारी चेतनगुणोक्ती. मी ती ओळ दोनदा वाचली.

मराठीच्या शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. 'अलंकार ओळखा' याच्यापुढे 'कशाला काय म्हटलंय, आणि का?' एवढं विचारा, आणि त्या 'का'ला गुण ठेवा.

— एक निवृत्त मुद्रितशोधक, शनिवार पेठ, पुणे