दहा नावांचं एक वाक्य होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत बायबलमधल्या वंशावळीवर एक लेख आला होता, आदामपासून नोहापर्यंतच्या दहा पिढ्यांची नावं ओळीने मांडली आणि प्रत्येक नावाचा हिब्रू अर्थ लिहिला की एक अख्खं वाक्य तयार होतं, "माणसाला मर्त्य दुःख नेमलेलं आहे, पण धन्य देव उतरून शिकवेल, त्याच्या मृत्यूने निराश झालेल्यांना विसावा येईल" असं काहीसं, आणि तो म्हणे देवाने तिथे लपवून ठेवलेला संदेश आहे. सोमवारी दुपारपर्यंत त्याचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या जुन्या ग्रुपवर, आणि तिघांनी तर थेट मलाच पाठवला, "काका तुम्हाला हिब्रू येतं ना, हे खरंय का?" मी ठाण्यातच जन्मलेला बेने इस्रायल ज्यू, घरात बोलणं सगळं मराठी, हिब्रू लहानपणी प्रार्थनेपुरतं शिकलो आणि रिटायर झाल्यावर परत नीट धरलं. तिघांना फोनवर समजावून सांगितलं, पण लेख छापून घराघरात गेलाय तर उत्तरही छापूनच जायला पाहिजे म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, पण कृपया कापू नका.

आधी जे बरोबर आहे ते सांगतो. आदाम म्हणजे माणूस, आणि त्याला जुळणारा शब्द अदामा म्हणजे जमीन, माती. मातीतून माणूस घडवला असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे तिथे मूळ हिब्रूत हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, भाषांतरात ते कानाला लागतच नाही. शेथचा अर्थ तर त्याची आई हव्वा स्वतःच सांगते, काईनने मारलेल्या हाबेलच्या जागी देवाने मला दुसरं मूल नेमून दिलं असं ती म्हणते, आणि त्या नेमून देण्याच्या क्रियापदावरून ते नाव. अनोश म्हणजे परत माणूसच, पण मरण असलेला माणूस असा भाव त्यात आहे. यारेदचा धातू, म्हणजे मूळ क्रियापद, उतरण्याचा. इथपर्यंत माझी काही हरकत नाही.

गडबड पुढे आहे. केनानचा अर्थ लेखात "दुःख" दिलाय. हिब्रूत विलापगीताला किना म्हणतात, उच्चार जरा जवळचा आहे म्हणून तो अर्थ इथे आणून चिकटवलाय, अभ्यासक हे नाव काईनशी आणि धातुकाम करणाऱ्या कारागिराच्या शब्दाशी जोडतात. महललेलचं "धन्य देव" केलंय, पण त्या नावात हलेल आहे, म्हणजे स्तुती, हालेलुयामध्ये जो शब्द आहे तोच, आणि धन्य म्हणायला, आशीर्वाद द्यायला हिब्रूत बराख हा धातू लागतो जो या नावात कुठेही नाही. लामेखचं "निराश झालेले" केलंय, ते तर कुठून आणलं देव जाणे, ल-म-ख असा धातूच बायबलच्या हिब्रूत सापडत नाही आणि अभ्यासकांचं त्या नावावर एकमत नाही. म्हणजे बघा, जिथे धातू सोयीचा आहे तिथे धातू घेतला, जिथे नाही तिथे नुसता आवाज घेतला, आणि जिथे दोन्ही नाही तिथे वाक्याला जो शब्द कमी पडत होता तो भरला. अशाने कोणत्याही दहा नावांचं वाक्य करता येईल, तुमच्या सोसायटीच्या नेमप्लेटच्या बोर्डाचंही होईल.

आणि खुद्द बायबलमध्येच दहा पिढ्यांच्या अजून याद्या आहेत. नोहाचा मुलगा शेम, त्याच्यापासून अब्रामपर्यंत दहा. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी पेरेसपासून दावीदपर्यंत दहा. त्यांचं वाक्य कोणी का करून दाखवत नाही? होत नाही म्हणून.

हिब्रूत अशी ओढाताण सोपी का जाते तेही सांगायला पाहिजे. आमच्या सेफेर तोरामध्ये, म्हणजे सिनेगॉगमधल्या हाताने लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळीत, स्वरांच्या खुणा नसतात, फक्त व्यंजनं, वाचणाऱ्याला उच्चार परंपरेने माहीत असावा लागतो. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे लगेच कळेल, तिथेही ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, शब्द तोडलेले नसतात, मागचापुढचा संदर्भ धरूनच वाचावं लागतं. मोडीतलं एखादं नाव संदर्भ सोडून कोणी मनाला येईल तसं फोडलं तर आपण लगेच त्याला थांबवू, मग हिब्रू लांबची भाषा म्हणून तिथे काहीही चालतं असं का?

मथुशलहबद्दल मात्र लेखकाची बाजूही मांडतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. लेखात त्याचा अर्थ "त्याच्या मृत्यूने येईल" असा दिलाय आणि म्हटलंय की तो मेला त्याच वर्षी जलप्रलय आला. हिब्रू पोथीतला हिशोब खरंच जुळतो, तो १८७ वर्षांचा असताना लामेख झाला, लामेख १८२ चा असताना नोहा, आणि नोहा ६०० चा असताना पूर आला, बेरीज ९६९, आणि मथुशलहचं वय ९६९ च आहे. मी स्वतः कागदावर बेरीज केली तेव्हा मलाही दोन मिनिटं गप्प बसायला झालं होतं. पण जुन्या ग्रीक भाषांतरात आकडे वेगळे आहेत, त्यांनी हिशोब केला तर मथुशलह पुरानंतर १४ वर्षं जिवंत राहतो, आणि तो नोहाच्या जहाजात तर नव्हता, त्यामुळे जुन्या काळच्या विद्वानांनीही यावर खूप डोकं चालवलंय. आणि नावाचा अर्थ? मतु म्हणजे माणूस, शेलह म्हणजे भाला किंवा फेकायचं हत्यार, भालाईत माणूस असा अर्थ बहुतेक जण घेतात. भालाईत हे चांगलं धडधाकट नाव आहे हो, आपल्याकडे भालेराव असतात तसं, ते मोडून त्यात भविष्यवाणी का भरायची?

मला खरा त्रास होतो तो याचा की या लपवलेल्या संदेशाच्या नादात त्या नावांमागची माणसं दिसेनाशी होतात. पेरेसचंच घ्या. तामारला जुळं होणार होतं. बाळंतपणात आधी एका बाळाचा हात बाहेर आला, सुईणीने पटकन त्याच्या मनगटाला लाल धागा बांधला, हा थोरला. पण त्याने हात आत घेतला आणि दुसराच बाळ पुढे घुसून बाहेर आला. सुईण म्हणाली, अरे काय फोडून आलास तू! फोडण्याचा तो शब्द पेरेस, तेच नाव पडलं. दावीद राजाचा हा मूळ पुरुष, आणि त्याचं नाव एका सुईणीच्या तोंडून निघालेल्या वाक्यातून आलंय, रक्ताने माखलेल्या हातांनी बोललेल्या. यात लपवलेलं काही नाही, उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात सरळ लिहिलंय.

राहेलचं तर वाचवत नाही. एफ्राथच्या वाटेवर बाळंत होताना ती मरतेय आणि जाता जाता मुलाचं नाव बेन-ओनी ठेवते, माझ्या दुःखाचा मुलगा. याकोबने ते नाव राहू दिलं नाही, बिन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. बाप मुलाला आयुष्यभर आईच्या मरणाच्या नावाने कसा हाक मारेल. आणि होशेय संदेष्ट्याच्या मुलीचं नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया नाही ती. हे वाचताना मला दरवेळी आपल्याकडच्या नकुशा आठवतात. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली, त्यांचे हातात सर्टिफिकेट धरलेले फोटो पेपरात आले होते, मी बघत बसलो होतो. होशेयच्या पुस्तकातही पुढे लगेच त्या मुलीच्या नावातला "लो" काढून टाकलाय, लो म्हणजे नाही, तो गेला की नुसतं रुहामा, दया मिळालेली. एक अक्षरी शब्द काढला आणि मुलीचं सगळं बदललं.

आमच्या समाजात नावांचं काय झालं तेही लिहितो, कारण ठाणेकरांना हे माहीत असावं असं मला वाटतं. कोकणात शतकानुशतकं राहिल्यावर शमुएलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी, एलियाचा एलोजी, मोशेचा मुसाजी, याकोबचा अकोबा. आडनावं गावांवरून पडली, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. माझ्या पणजोबांच्या कबरीच्या दगडावर वरती हिब्रूत शमुएल कोरलंय आणि खाली मराठीत सामाजी, आणि शमुएलमधला "एल" म्हणजे देव, तो सामाजीमध्ये राहिला नाही हे मला फार उशिरा कळलं. पावसाळ्यानंतर दगडावर शेवाळ चढतं, मी नारळाच्या काथ्याने घासून काढतो, आधी हिब्रू दिसायला लागतं कारण ते जास्त खोल कोरलंय.

वडील आजारी होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी सिनेगॉगमध्ये (आमची जुनी माणसं मशीद म्हणायची) आजारी माणसासाठी प्रार्थना असते, आणि तोरा वाचायला बोलावताना अमक्याचा मुलगा अमका असं बापाचं नाव घेतात, पण आजाऱ्यासाठी आईचं नाव घ्यायची रीत आहे. हजानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, विचारलं, वडिलांच्या आईचं नाव काय? माझ्या तोंडून शब्द फुटेना. घरात सगळे तिला माई म्हणायचे, मी तर तिच्या मांडीवर वाढलो, तिच्या हातचा मलिदा, गुळाचा आणि ओल्या खोबऱ्याचा, अजून जिभेवर आहे, पण नाव ठाऊक नव्हतं. घरी येऊन पत्र्याच्या ट्रंकेतला तिचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, काढला, घड्यांवर फाटलेला, आणि त्यात एकेक अक्षर जुळवत वाचलं. रेश, हेत, लामेद. राहेल. राहेल म्हणजे मेंढी. पुढच्या शनिवारी बरोबर नाव दिलं.

म्हणून मत्तयच्या शुभवर्तमानातली वंशावळ मला नेहमी खेचून घेते, ते पुस्तक आमच्या धर्मग्रंथात नाही तरी. अब्राहामापासून येशूपर्यंत बापामागून बाप लावलेत आणि मध्येच तामार, राहाब, रूथ आणि "उरीयाची बायको" अशा चार बायका येतात, शेवटी मरिया. त्यात चौथीचं, बथशेबाचं, नावच घेतलेलं नाही. तिथे आकड्यांचा खेळही आहे, पण तो मत्तय स्वतः उघड सांगतो, चौदा पिढ्या, परत चौदा, परत चौदा. हिब्रू अक्षरांना आकडे असतात, दावीदच्या तीन अक्षरांची बेरीज ४ अधिक ६ अधिक ४ म्हणजे १४ होते, म्हणून दावीदच्या वंशाला चौदा हे बरेच अभ्यासक मान्य करतात, आणि चौदा बसवायला मत्तयने मधले तीन राजे गाळलेत हेही बायबलमधल्याच "इतिहास" नावाच्या जुन्या पुस्तकाशी ताडून बघता येतं. लूकने दिलेली यादी उलटी, वर आदामपर्यंत जाणारी, आणि दावीदनंतर ती त्याच्या मुलांपैकी शलमोनऐवजी नाथानच्या शाखेने जाते. ज्याला वंशावळीत कोडी सोडवायची आहेत त्याला ही खरी कोडी आहेत, आयुष्य पुरणार नाही. आणि आईचं नाव म्हणाल तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आधी आईचं नाव, मग वडिलांचं असं आलंच आहे, निदान पुढच्या नातवंडांवर ट्रंका उघडायची वेळ येणार नाही.

जाता जाता ठाणे-पनवेल लोकलने जाणाऱ्यांसाठी एक. याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात जमिनीपासून आकाशापर्यंत शिडी दिसली, घाबरून उठला आणि म्हणाला, हे तर देवाचं घर, हे स्वर्गाचं दार. त्या जागेचं नाव त्याने बेथ-एल ठेवलं, देवाचं घर. आपल्या ठाण्यातलं सिनेगॉग, १८७९ चं, त्याचं नाव शाआर हाशामायिम म्हणजे स्वर्गाचं दार. आणि पनवेलचं, १८४९ चं, त्याचं नाव बेथ एल. एकाच माणसाच्या एकाच वाक्यातले दोन तुकडे, एक इथे, एक तिथे. ठाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं समोरून जातात आणि त्यांना हे माहीत नसतं, पुरवणीत असं काही छापा ना.

तेव्हा विनंती एवढीच की हिब्रूवरचा लेख छापण्याआधी भाषा येणाऱ्या कुणाला तरी दाखवा, ठाण्यात आणि पनवेलला आम्ही थोडे असलो तरी आहोत, मी स्वतः आनंदाने वाचून देईन, पैसे नकोत. आणि दुरुस्ती छापणार असाल तर त्यात आणखी एक घ्या. लेखात तीन ठिकाणी "शेथ"चं "शेठ" छापलं गेलंय. ते शेथ करा.

आपला,
एक जुना वाचक
ठाणे (प.)