सध्या काय वाचताय?

महोदय,

२३ एप्रिल हा युनेस्कोने १९९५ साली जाहीर केलेला जागतिक पुस्तक दिन. त्या निमित्ताने वाचनसंस्कृतीवर भाषणे पुष्कळ होतात. त्यापेक्षा आपल्या पत्रात वाचकांसाठी एक छोटा चौकोन ठेवावा, दर आठवड्याला: सध्या काय वाचताय? परीक्षणे बहुधा नव्याकोऱ्या पुस्तकांची येतात. वाचकाच्या हातात मात्र अनेकदा वाचनालयातली, पाने पिवळी पडलेली जुनी प्रत असते. तिच्याबद्दल कोण लिहिणार? पुस्तक संपायची वाट पाहू नये. निम्म्यावर असतानाची उत्सुकता, एखाद्या पात्राचा आलेला राग, पन्नासाव्या पानावर सोडून द्यावेसे का वाटले, हेही मोकळेपणाने कळू द्यावे. मला तर अशाच गप्पांतून उत्तम पुस्तके मिळाली आहेत.

– एक वाचक