मोबाइल पालथा, मग पहिला घास

महोदय,
राजारामपुरीतल्या मेसमध्ये ताट समोर येतं, पण पोरांची नजर रीलवर! पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. जेवण 8 मिनिटांत उरकलं की दोन चपात्या जादा जातातच. यावर उपाय सजग खाणं, म्हणजे ताटाकडे लक्ष देऊन जेवणं; डोळे मिटून बसणं नव्हे. मोबाइल पालथा ठेवा, तांबड्या रश्श्याचा आधी वास घ्या, तोंडातला घास गिळेपर्यंत दुसरा मोडू नका. अर्ध्या ताटावर थांबून भूक दहापैकी किती उरली ते बघा. नाश्ता बुडवून दुपारी मिसळीवर तुटून पडलात, तर सजगता कटात बुडालीच म्हणायची. सुरुवात दिवसातल्या एकाच जेवणापासून करावी. तिन्ही वेळांचा हट्ट चार दिवसांत सुटतो.

- एक आहारतज्ज्ञ, कोल्हापूर