चार्जर मोजले, चालतात किती ते कोण मोजणार?

महोदय,

कॅलिफोर्नियात पेट्रोलच्या नोझलपेक्षा विजेच्या गाड्यांचे चार्जर अधिक झाले, हे वाक्य आपल्या अंकातील विजेच्या गाड्यांवरच्या कालच्या लेखात दोनदा आले आहे. राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेला एक लाख ७८ हजारांचा आकडा मला अमान्य नाही. मात्र त्यातले जलद चार्जर सुमारे १७ हजारच असून उरलेले सारे संथ आहेत. पाच मिनिटांत टाकी भरणारे नोझल आणि गाडी रात्रभर अडकवून ठेवणारा चार्जर यांची बरोबरी कशी होते? शिवाय या मोजणीत कार्यालयांच्या आणि निवासी संकुलांच्या आवारातले, बाहेरच्यांना न वापरता येणारे चार्जरही धरलेले आहेत.

फ्रीमाँटमधील आमच्या संकुलात असे सहा चार्जर आहेत आणि सदनिका १०४. सहापैकी दोन चार्जर फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहेत. गेल्या जानेवारीत माझी शहात्तर वर्षांची आई दिल्लीमार्गे सकाळी सहाला सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरणार होती. आदल्या रात्री अकरापर्यंत थांबूनही मला चार्जर मिळाला नाही, पहाटे चारला खाली गेलो तेव्हाही चारही अडलेलेच होते आणि माझ्या गाडीत अकरा टक्के चार्ज उरला होता. जवळच्या मॉलच्या वाहनतळावर गेलो, तर एका चार्जरचा पडदा काळा, दुसऱ्याची केबल कापून नेलेली, तिसरा कार्ड घेईना आणि चौथ्यासमोर भर पावसात दोन गाड्या उभ्या. आई विमानतळावर एक तास व्हीलचेअरवर बसून राहिली. तिने मला एका शब्दाने विचारले नाही, पण ते मला अजून लागून राहिले आहे.

सदनिकाधारकाने स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवण्यास सोसायटीला मनाई करता येत नाही आणि साठ दिवसांत लेखी नकार न आल्यास अर्ज मंजूर समजला जातो, असे इथल्या नागरी संहितेचे कलम ४७४५ सांगते. सोसायटीने रास्त कारणासाठी अधिक माहिती मागितली, तर मात्र ही मुदत लागू होत नाही. आमच्या व्यवस्थापनाने माझ्याकडे आधी विम्याची कागदपत्रे, मग विद्युत भाराचा दाखला आणि नंतर ठेकेदाराचा परवाना मागितला, आणि अर्जाला चौदा महिने होऊन गेले. लेखात ज्यांच्या समाधानाचे वर्णन आहे, त्या साऱ्यांकडे स्वतःचे गॅरेज आहे. सदनिकेत राहणारा एकही माणूस लेखकाला भेटला नाही काय?

विजेच्या गाड्यांच्या अडचणींचा सारा दोष लेखकाने वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारवर ठेवला आहे. २०३५ पासून केवळ प्रदूषणमुक्त नव्या गाड्या विकण्याच्या राज्याच्या नियमाला केंद्राने दिलेली परवानगी जून २०२५ मध्ये रद्द झाली, विजेच्या नव्या गाडीवरची साडेसात हजार डॉलरची केंद्रीय करसवलत त्याच वर्षी ३० सप्टेंबरला संपली, हे मलाही सलते. परंतु आमचे दोन चार्जर त्याआधीच बंद पडले होते. विजेच्या गाडीतल्या एकट्या चालकाला कारपूल मार्गिका (एकाहून अधिक प्रवासी असलेल्या गाड्यांसाठी राखीव मार्गिका) वापरण्याची मुभाही त्याच ३० सप्टेंबरला गेली, आणि आमच्यापैकी अनेकांनी ती पाहूनच गाडी घेतली होती; तिचा लेखात उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

बर्कली येथील संशोधकांनी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातील ६५७ जलद चार्जर तपासले, तेव्हा त्यांपैकी ७२.५ टक्केच चालू स्थितीत आढळले. पुढच्या वेळी चार्जरांची संख्या छापताना त्यांतले चालू किती आणि सदनिकांत राहणाऱ्यांच्या वाट्याला येणारे किती, हेही आपण छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया