सिग्नलवाल्या काकांना, ‘ए’ विंगकडून

तीर्थस्वरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा टाक’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. मुलुंडला आमच्याच सोसायटीत ‘बी’ विंगमध्ये राहणारे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले काका, एवढं वाचणाऱ्यांना पुरे.

त्यांच्यासाठी बाकीचंही थोडक्यात सांगते. आमच्या हॉलच्या भिंतीला लागून आठ फूट प्लायवर मी कर्जत ते खंडाळा या रेल्वेघाटाचं, रूळ-गाड्यांसकट चालणारं मॉडेल बसवते आहे. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात. खाली कर्जतचं फलाट, वर एका टोकाला तीन फूट रुंद फळी, तिथे गाडी वळसा घेऊन परत खाली येते. खऱ्या घाटात वळसा नव्हता. १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने काढत. पण ते रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर करायचं म्हणजे मलाच शंटिंगची ड्यूटी लागली असती, म्हणून वळसा. चढ मात्र घाटातलाच ठेवला, ३७ फुटांना एक फूट. आठ फुटांत जेमतेम अडीच इंच. एवढ्याशा चढालाही इंजिन कुंथतं आणि मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावावा लागतो, याचं मला कोण कौतुक!

तुम्ही पहिल्यांदा आलात ते कुरिअर द्यायला. दारातूनच रूळ दिसले, चप्पल काढलीत आणि खिशातून पोलादी पट्टी काढून दोन रुळांमधलं अंतर मोजलंत. साडेसोळा मिलिमीटर. मनातल्या मनात गुणाकार करून म्हणालात, “चौदाशे पस्तीस. अगं, हा तर मेट्रोचा रूळ!” खरंच होतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्या हिशेबाने एकोणीसच्या वर हवा होता. बाजारात एचओचा तयार रूळ साडेसोळाचाच मिळतो, त्यामुळे आपल्या गाड्याही त्याच्यावरच पळवाव्या लागतात. हे मी सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलंत, पण तुमच्या कपाळावरची आठी काही त्या दिवशी गेली नाही.

मग तुम्ही जे विचारलंत त्यावर मी थक्क झाले. हा छंद पाहायला येणारे सगळे इंजिनाची किंमत विचारतात. तुम्ही विचारलंत, “खाली काय आहे?” आणि गुडघे धरत फळीखाली शिरलात.

खाली तेव्हा दोनच तारा होत्या, फलाटाजवळ रुळाला जोडलेल्या. तिथून पुढची वीज एका रुळातून दुसऱ्या रुळात, सांध्यावरच्या पत्र्याच्या चिमुकल्या फिशप्लेटमधून जायची. फलाटात इंजिन झकास चालायचं, वळशापाशी पोचेपर्यंत मरगळायचं. इंजिनाची मोटार बदला, असा सल्ला मला मिळाला होता. तुम्ही मोटारीकडे पाहिलंसुद्धा नाहीत. म्हणालात, “फिशप्लेट रूळ धरते, वीज धरत नाही.” हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, नावात चांदी असली तरी तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि वीज वाहण्यात तो तांब्याच्या जवळपासही येत नाही. त्यात मुंबईची हवा. जूनमध्ये लावलेला सांधा ऑगस्टपर्यंत काळवंडतो आणि प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी वीज अडते.

मग तुम्ही लोकलची गोष्ट सांगितलीत, ती मी पुढे किती जणांना ऐकवली असेल. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बरवरचा शेवटचा डीसी गेला तो थेट २०१६ मध्ये. व्होल्टेज कमी की तेवढ्याच ताकदीला करंट जास्त लागतो. करंट जास्त की तारेत गळती जास्त. म्हणून तारा जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ. पंचवीस हजार व्होल्ट एसी आल्यावर ही कटकट उरली नाही. “आणि तुझ्याकडे तर पंधराच व्होल्ट. मग सबस्टेशन किती जवळ हवं?” इतकं सरळ मला आजवर कुणी समजावलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी लोहार चाळीतून अडीच चौरस मिलिमीटरची वायर आली, लाल आणि काळी. फळीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मुख्य तारा, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यातून आपापली बारीक तार. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. अगदी वीतभर तुकड्यालासुद्धा. मी म्हटलं, एवढ्याशा तुकड्याला कशाला? तुम्ही उत्तर न देता पुढचं भोक पाडलंत.

फळीला भिंतीच्या बाजूने बिजागऱ्या लावायची कल्पनाही तुमचीच. समोरची कड उचलून टेकवली की खुर्चीत बसून खालचं काम करता येतं. उताणं झोपून डोळ्यावर कथिल पडण्याची भीती गेली. मॉडेल करणाऱ्या ज्यांची पाठ शाबूत आहे त्यांनी हे आजच करावं, डोंगर-झाडं लावायच्या आधी.

डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम मला येत होतं, पण तुमचा हात पाहिला आणि पुन्हा शिकले. पंखा बंद. रुळाची बाहेरची बाजू पॉलिश पेपरने घासून चकचकीत. तारेचं टोक आधीच कल्हई केलेलं. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून डागाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे. मग सोल्डरिंगची इस्त्री टेकवायची, कथिल चमकून पसरलं की लगेच उचलायची, आणि तार गार होईस्तोवर श्वास रोखून धरायची. गार होताना तार हलली की कथिल मळकट, दाणेदार दिसतं. तो ड्राय सोल्डर. तुम्ही प्रत्येक डाग झाल्यावर तार नखाने टिचकी मारून पाहायचात. जी हलली ती पुन्हा. काकूंचा फोन यायचा, जेवायला येताय का, आणि तुम्ही म्हणायचात, “दोनच राहिलेत.” दोन कधीच नसायचे.

रूळ टाकतानाचंही एक सांगायलाच हवं. वळणावरचे लवचीक रूळ मी गेजपट्टी लावून बसवले होते, मापाने बरोबर होते. तुम्ही प्लायवर गाल टेकवलात, एक डोळा मिटलात आणि रुळाच्या उंचीवरून लांबवर पाहिलंत. “सांध्यापासून तिसरा स्लीपर, डावीकडे केसभर.” सगळ्या गाड्यांचे डबे नेमके तिथेच उतरत होते. वळणावर येणारे दोन तुकडे आधी सरळ ठेवून, डाग देऊन, मग एकदम वाकवायचे म्हणजे सांध्याला कोपरा पडत नाही, हे त्यानंतर कळलं. सरळ भागातल्या सांध्यांत मात्र व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवायला लावलीत, कारण पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि उन्हाळ्यात आखडतो.

आता वळसा. गाडी ज्या रुळावरून गेली त्याच रुळावर उलटी परत येते, तेव्हा बाहेरचा रूळ आतल्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. हे मी वाचलं होतं, पण डोक्यात बसत नव्हतं. तुम्ही काकूंच्या विणकामातली लाल आणि काळी लोकर आणलीत. लाल एका रुळावर, काळी दुसऱ्यावर, बोटाने दाबत दाबत अख्ख्या मार्गावरून फिरवलीत. वळसा संपवून परत आलो, तर लाल लोकर काळीच्या डोक्यावर. तिथेच कात्री चालवलीत, दोन्ही लोकरींवर, वळशाच्या दोन्ही तोंडांना. त्याच चार जागी आता रुळांत प्लॅस्टिकचे सांधे आहेत, आणि मधल्या तुकड्याची वीज आपोआप उलटवणारं एक छोटं यंत्र खाली आहे. मधला तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांबच हवा, हेही तुम्ही लोकरीवर डबे ठेवूनच दाखवलंत.

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते त्या सांधा बदलायच्या जागेवरचं क्रॉसिंग, जिथे रूळ रुळाला छेदतो, हा भाग भरभर उरकला. आधी तिथे प्लॅस्टिक होतं आणि चारचाकी छोटं शंटिंगचं इंजिन त्याच्यावर हटकून अडायचं. धातूचं क्रॉसिंग आणलं; सांधा ज्या बाजूला पडेल त्या बाजूची वीज त्याला मिळावी म्हणून सांधा हलवणाऱ्या मोटारीला जोडून एक मायक्रोस्विच बसवला. झालं.

पण शॉर्टवरून आपला जो वाद झाला, तो आठवला की अजून हसू येतं. माझ्या लेखी दोन रूळ एकमेकांना जोडले जाणं म्हणजे संकट. तुमची अख्खी नोकरी त्याच्यावर गेली! खऱ्या ट्रॅक सर्किटमध्ये गाडीचा आस दोन्ही रूळ जोडतो, रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, वीज तुटते, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. तार तुटली, वीज गेली, रुळांत पाणी साचलं, तरी रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. म्हणून पावसात ‘सिग्नल फेल’ची घोषणा ऐकून आपण फलाटावर चरफडतो तेव्हा, तुमच्या म्हणण्याप्रमाणे, ते यंत्र आपलं काम चोख करत असतं. नऊ-बाराच्या लोकलच्या गर्दीत उभ्या बाईला हे पटवणं अवघड आहे काका, पण मला पटलं.

चाचणीच्या वेळी तुम्ही बाजारातलं एकही महागडं यंत्र आणू दिलं नाहीत. मोटारगाड्यांच्या सामानाच्या दुकानातून इंडिकेटरचा बारा व्होल्ट, एकवीस वॅटचा दिवा आणलात आणि मुख्य तारेत सिरीजला लावलात. एकेक तार जोडायची, दिव्याकडे बघायचं. दिवा गप्प असेल तर पुढे; भकन पेटला तर शेवटची जोडलेली तार चुकली. शोधाशोध नाही, आणि रुळांना वीज देणारं यंत्रही जळत नाही. सगळं झाल्यावर दिवा काढला आणि रुपयाचं नाणं दोन रुळांवर आडवं ठेवलंत, आधी फलाटात, मग वाटेत, मग वळशाच्या पार टोकाला. दर ठिकाणी त्या वीज देणाऱ्या यंत्राने खटकन वीज तोडायला हवी. टोकाला तोडली नाही तर तारा बारीक किंवा जोड कच्चे, आणि पुढेमागे एखादा डबा घसरून तिथे रूळ वितळणार. आमच्याकडे तिन्ही ठिकाणी खटकन तुटली. तुम्ही नाणं परत खिशात टाकलंत.

आणि ती वही. प्रत्येक तारेला नंबर, मास्किंग टेपवर लिहून दोन्ही टोकांना गुंडाळलेला. वहीत तोच नंबर, कुठून कुठे, कोणता रंग, कोणत्या तारखेला, आणि समोर सही. माझ्याही सह्या घेतल्यात. तेव्हा मला हे जरा जास्तच सरकारी वाटलं होतं. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला वरचा अर्धा घाट एकदम बंद पडला. वही उघडली, सतरा नंबर बघितला, फळी उचलली. उंदराने तार कुरतडली होती. पावणेबाराला गाडी पुन्हा खंडाळ्यात. उंदराची नोंदही वहीत केली आहे, सहीसकट.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. कर्जतचे वडे तेवढे घेतलेत, तेही एकदाच, आणि चटणी कमी होती म्हणून ऐकवलंत.

इंजिनाच्या खिडकीत मी बाई चालक बसवली आहे, ते तुम्ही पाहिलं नसेल. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव, ज्यांनी २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरवून मुंबईला आणली, त्यांच्यासाठी. भिंग घेऊन या.

ट्रॅक सर्किटचं मनावर घेतलंय. कर्जतच्या फलाटात गाडी शिरली की मागचा सिग्नल आपोआप लाल झाला पाहिजे, तुमच्या पद्धतीने, वीज तुटून. लॅमिंग्टन रोडवरून रिले आणून ठेवलेत. माझ्या रुळांवर गाडीला चालवणारी वीज आधीच असते, त्यामुळे तुमचं सर्किट जसंच्या तसं बसणार नाही. काहीतरी वेगळं योजावं लागेल. त्यावर तुमच्या डोक्यात एव्हाना काहीतरी शिजत असणार, हे मला ठाऊक आहे. रविवारी सवडीने या.

दिवाळीनंतर पुण्याला जाऊ, काकूंनाही घेऊ. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे सगळे गाड्या बघत असताना तुम्ही टेबलाखाली शिरणार, हे नक्की. चालतं का ते आधी फोन करून विचारून ठेवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
‘ए’ विंग, तिसरा मजला